काढलेली दवा

सन दोन हजार अठरा. होळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. नंदाबाई माझ्या पुढ्यात बसून केस विंचरून घेत होती आणि तिच्या मानेच्या डाव्या बाजूला माझ्या बोटांना एक गाठ लागली. सुपारीएवढी, रबरासारखी.

"काऊन व, हे कधीपासून?"

"संक्रांतीपासून असंल. दुखत नाई, म्हणून म्हटलं राहू दे. मले काय आता नवरी व्हायचं आहे?"

नंदाबाई माझी धाकटी जाऊ. माझे मालक उदाराम आणि तिचे मालक दुधराम सख्खे भाऊ. अर्जुनी मोरगावपासून कोसभर आत आमचं गाव, आणि एकाच अंगणाला लागून दोघा भावांची घरं. ती लग्न होऊन आली तेव्हा सोळा वर्षांची होती, मी पंचवीसची. धानाच्या रोवणीच्या चिखलात पाय कसा रोवायचा, हे तिला मी दाखवलं. तिचा गजेंद्र झाला तेव्हा नाळ कापायला सुईण पोचली नव्हती, ते काम माझ्या हातून झालं. माझे मालक गेले त्याला तेव्हा अकरा वर्षं होत आली होती. माझी मुलगी डोंगरगडला दिलेली. म्हणजे दिवसभर मी ज्या माणसाशी बोलत असे, भांडत असे, ते एकच माणूस होतं.

गजेंद्र गोंदियाजवळ कुडव्याला राहतो. पाण्याच्या मोटारी दुरुस्त करायचं त्याचं दुकान आहे. त्याने आईला आधी गोंदियात दाखवलं, मग नागपूरला. गाठीचा तुकडा काढून तपासला. पंधरा दिवसांनी तो गावी आला तो सरळ माझ्याकडे आला, आईकडे गेला नाही.

"मोठीआई, कॅन्सर निघाला."

मी विचारलं, "कायचा?"

"रक्ताच्या गाठींचा. लिम्फोमा म्हणतात. डॉक्टर म्हणते, हा बरा होणारा प्रकार आहे. दर एकवीस दिवसांनी एक, अशा सहा वेळा दवा चढवायच्या. सहाच्या सहा, आणि वेळेवर. मध्ये खंड पडला तर काही सांगता येत नाही."

वेळेवर आणि पूर्ण. ते दोन शब्द तो दोनदा बोलला.

दुधराम भाऊजींना उन्हाळी धान सोडून येता येत नव्हतं. सून दुर्गेश्वरी खासगी शाळेत शिकवते, ती साडेनऊलाच निघते. तेव्हा नंदाबाईसोबत कुडव्याला जाऊन राहायचं माझ्याच वाट्याला आलं. मी अडुसष्टची, ती एकोणसाठची. दोन म्हाताऱ्या, सिमेंटच्या घरात, पंख्याखाली. सकाळी समोरच्या रस्त्याने सगळी वस्ती दुचाकीवर बसून गोंदियाला कामाला जाई. मग दुपारपर्यंत ब्रेड-टोस्टवाला सोडला तर कोणी दिसत नसे.

पहिल्या वेळी नागपूरला आम्ही तिघं गेलो. गोंदियाहून सकाळची गाडी. दवाखान्यात एका मोठ्या खोलीत दहा-बारा खुर्च्या आणि प्रत्येक खुर्चीत एक माणूस बाटलीला बांधलेला. कोणी बोलत नव्हतं. आधी डॉक्टरांनी एका कागदावरून प्रश्न विचारले. शुगर आहे का, बीपी आहे का, दुसरी कोणती दवा चालू आहे का. गजेंद्र प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला, आणि तेव्हा ते खरंच होतं.

मग लाल दवा आणली. कुंकवाच्या पाण्यासारखी लाल. ती पाहून नंदाबाईने हात मागे घेतला.

सुई लावणारी पोरगी आमच्याच जिल्ह्यातली निघाली, तिरोड्याची. डिंपल सिस्टर. नंदाबाईची बोली ऐकून तिने ओळखलं. लाल दवा संपली, मग तिने छोटी, पाण्यासारखी दुसरी दवा घेतली आणि नंदाबाईला धीर यावा म्हणून म्हणाली, "मावशी, याले कायले भेता? ही तर सदाफुलीपासून काढलेली दवा आहे. अंगणात लावता ना आपण सदाफुली? तीच."

नंदाबाई हसली. त्या दिवशी पहिल्यांदा हसली. "मंग बापा, नागपूरले कायले आली मी? अंगनातच चरली असती."

आजूबाजूच्या दोन खुर्च्याही हसल्या. मीसुद्धा हसले. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. सदाफुलीपासून काढलेली.

ते काय करून बसलं ते कळायला माझ्या माहेरचं थोडं सांगावं लागेल. माझं माहेर चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं. माझे वडील, मनिराम, काविळीची दवा देत. रविवारी आणि बुधवारी, सकाळी, उपाशीपोटी. पाच-पाच कोसांवरून माणसं बैलगाडीत घालून आणत. पिवळी जर्द माणसं आमच्या ओसरीवर रांगेने बसलेली असत. वडील फक्त नारळ घेत. मुळी खणायला मला सोबत नेत, कारण माझ्या भावांना उठायचा कंटाळा. तळ्याच्या पाळीमागच्या रानात जायचं, बोलायचं नाही, मुळी पदरात झाकून आणायची. झाकायची का, तर नाव घेतलं की गुण उतरतो. दवा देणाऱ्याने नाव सांगू नये आणि घेणाऱ्याने विचारू नये. आमच्याकडे अजूनही झाडपाल्याची दवा अशीच चालते. आणि झाडातून, मुळीतून जे काढायचं, उकळून, आटवून, त्याला आम्ही काढा म्हणतो. काढलेला तो काढा. त्याला दुसरा अर्थ मला माहीत नव्हता.

पहिल्या दोन दवा नंदाबाईने सोसल्या. केस गेले. ते तिने मनाला लावून घेतलं नाही, म्हणाली, "उवा मारायचा तुझा त्रास गेला." पण तोंड आलं. शौचाला चार-चार दिवस होईना. बोटं बधिर झाली. एकदा तांदूळ निवडायला बसली आणि थोड्या वेळाने सूप बाजूला सरकवलं.

"बाई, मले खडा कोनता आणि दाना कोनता, काई समजून नाई राहिलं."

ती मला बाई म्हणायची. मी सूप घेतलं. त्यात खडे तसेच होते.

दवेनंतर पाच दिवस गोळ्या असत, त्या पाच दिवसांत तिला भूक लागे आणि राग येई. दुर्गेश्वरीने कढीत मीठ कमी टाकलं म्हणून ताट सरकवून दिलं. सहाव्या दिवशी भूकही जाई आणि रागही जाई, आणि ती भिंतीकडे तोंड करून पडून राही. ते रागाचे दिवस बरे वाटत.

तिसऱ्या वेळेनंतर, जेठ महिन्यात, तिने सांगून टाकलं. दुपारची वेळ होती, घरी आम्ही दोघीच.

"मी आता नागपूरले जात नाई."

"काऊन?"

"काऊन म्हनजे? जीव नाई राहिला. मले गावाले नेऊन दे. रोवनी येऊन राहिली. शेताच्या धुऱ्यावर बसून पाहीन."

"तीन झाल्या, तीन राहिल्या."

"तुले काय व, मोजायले लागते. टोचते मले."

मी चिडले. म्हटलं, मर मग. ती म्हणाली, मरतो म्हणूनच तर गावाले ने. मी अंगणात आले. दुर्गेश्वरीने रंगाच्या रिकाम्या डब्यांत झाडं लावली होती, फाटकाच्या दोन्ही बाजूंना सदाफुली. गुलाबी आणि पांढरी. उन्हात सगळं सुकलेलं, ती तेवढी टवटवीत.

मला वाटलं, दवा तर हीच आहे. नागपूरला सुईतून देतात, ती तोंडातून दिली तर तीन सुयांच्या जागी दोन होतील. कदाचित एकच. आणि सुई शिरेतून जाते म्हणून जाळते, काढा पोटातून जाईल तर सौम्य लागेल. हे सगळं मला इतकं सरळ दिसलं, की आधी सुचलं कसं नाही याचंच नवल वाटलं. मी मूठभर पानं तोडली, दोन पेले पाणी घातलं, एक पेला होईपर्यंत आटवलं आणि गाळून तिच्यापुढे नेलं.

"हे का होय?"

"विचारू नको."

तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्या वडिलांची कीर्ती तिला माहीत होती. गजेंद्र सातवीत असताना त्याची कावीळ त्यांनीच उतरवली होती. मी म्हटलं, "हे घे, आणि नागपूरलेही जा. दोन्ही चालू ठेव. हे घेशीन तर सुया कमी होतील."

"गज्याले सांगू?"

"कोनालेच नाई."

ती एका दमात प्याली. तोंड वाकडं केलं. "कडू जहर आहे," म्हणाली. पण त्या दिवशी उठून बसली, आणि संध्याकाळी गजेंद्रला म्हणाली, "चौथीची तारीख कोनती आहे रे?" तो माझ्याकडे पाहून हसला. मला वाटलं, मी जिंकले.

रोज सकाळी, दुर्गेश्वरी शाळेत गेली की, मूठभर पानं. एकदा तिच्या लक्षात आलं.

"मोठीआई, फाटक उघडं राहते का? या झाडाले बकरी लागली वाटते."

आतून नंदाबाई म्हणाली, "हो, एक म्हातारी बकरी येते." आणि पांघरुणात तोंड खुपसून हसली. चौदा-पंधरा दिवस आमचा हा खेळ चालला. त्यातले काही दिवस, खरं सांगायचं तर, गावच्या अंगणासारखे वाटले.

चौथ्या वेळी नागपूरला रक्त तपासलं आणि दवा चढवली नाही. पांढऱ्या पेशी फार कमी, डॉक्टर म्हणाले. आठ दिवसांनी या. पेशी वाढायची इंजेक्शनं दिली, पोटाच्या कातडीत टोचून घ्यायची. बाहेरचं खाऊ देऊ नका, ताप आला तर लगेच आणा, रात्र असो की दिवस.

त्या आठ दिवसांत मी काढा वाढवला. सकाळचा होताच, संध्याकाळचाही सुरू केला. अशक्तपणा आहे, दवा कमी पडते, म्हणून. यात माझी काही लबाडी नव्हती. उलट मी स्वतःला हुशार समजत होते.

तिसऱ्या दिवसापासून ती उठेना. तोंडात पांढरे फोड आले, पाणी गिळतानाही डोळे मिटायची. पण काढा प्यायची. पेला मी धरायचे, तिची बोटं धरत नव्हती.

आठ दिवसांनी पुन्हा गेलो. गाडीत ती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती. डोक्याला रुमाल, रुमालाखाली काहीच नाही. तुमसर रोड स्टेशन गेलं तेव्हा म्हणाली, "आता कितवी?" मी म्हटलं, चौथीच.

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी रिपोर्ट दोनदा पाहिला.

"अजून खाली गेल्या. इंजेक्शन देऊनसुद्धा." ते गजेंद्रकडे पाहत होते. "असं असेल तर दोनच रस्ते आहेत. डोस बराच कमी करावा लागेल, किंवा एखादी दवा काढून टाकावी लागेल. आणि कमी केलं की खात्रीही कमी. आतापर्यंत गाठी छान विरघळत होत्या, म्हणून मला वाईट वाटतं."

गजेंद्रने विचारलं. "साहेब, थांबवूनच टाकलं तर? आई थकली आहे. तिले गावी जायचं आहे."

डॉक्टरांनी कागद चाळले. मग, विचारायचं म्हणून विचारावं तसं, म्हणाले, "घरी आणखी काही चालू आहे का? कोणतीही दवा?"

गजेंद्र म्हणाला, "नाही, काहीच नाही."

आणि ते ऐकताना मला वडिलांची ओसरी दिसली. पिवळी माणसं रांगेत बसलेली, आणि वडील मुळी सहाणेवर घासायच्या आधी प्रत्येकाला तोच प्रश्न विचारत आहेत. दुसऱ्या कोणाची दवा चालू आहे का? आहे म्हटलं की त्याला उठवत. जा, आधी ती संपव. एका तोंडात दोन वैद्य बसत नाहीत. नागझिऱ्याकडून अर्धी रात्र चालून आलेल्या माणसालाही त्यांनी असं परत पाठवलेलं मी पाहिलं होतं. नाव घेऊ नये, हे मी साठ वर्षं ध्यानात ठेवलं होतं. ज्या प्रश्नाने ते सुरुवात करत, तो मात्र मला आठवायला इतका वेळ लागला.

नंदाबाई माझ्याकडे पाहत नव्हती. ती टेबलाच्या पायाकडे पाहत होती. मी बोलले नसते तर ती बोलली नसती, कधीच.

"मी देते," मी म्हटलं. "सदाफुलीचा काढा."

गजेंद्रने मान वळवली. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कधीपासून?"

"तिसऱ्या दवेपासून. आठ दिवसांपासून दोन वेळा."

"किती?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती, आजी? मूठ कोणाची? तुमची की माझी?"

मी माझी मूठ वळून टेबलावर ठेवली. ते त्या मुठीकडे बघत राहिले. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"कोणी सांगितलं?"

डिंपल सिस्टर मागेच उभी होती, हातात ट्रे घेऊन. तिचा चेहरा पांढरा पडला. तिचं नाव मी घेतलं नाही. म्हटलं, "कोणी नाही. दवा सदाफुलीपासून काढलेली आहे असं कानावर आलं. काढलेली म्हणजे काढाच ना, साहेब?"

डॉक्टरांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आजी, बरोबर ऐकलंत. दवा सदाफुलीचीच आहे. पण पोत्यांनी पाला घेतला तर त्यातून नखाएवढी दवा निघते. ती वेगळी काढतात, शुद्ध करतात, वजन करतात. यांची उंची, वजन पाहून मी त्याचे थेंब ठरवतो. थोडी जास्त झाली तर माणूस जाऊ शकतो. पानात ती एकटी नसते. आणखी कितीतरी विषं असतात, त्यातली काही नेमक्या याच पांढऱ्या पेशी मारतात. उकळलं की सगळीच पाण्यात उतरतात. आम्ही एक काढतो. तुम्ही सगळं काढलं."

"मंग यानंच झालं?"

"सांगता येत नाही. आमच्या दवांनीही पेशी कमी होतात. कदाचित झालंच असतं. कदाचित नाही. काढा आजपासून बंद. दहा-बारा दिवस वाट पाहू. पेशी वर आल्या, तर पूर्ण डोस देऊ. आता तरी मी काही कमी करत नाही."

"आणि साहेब, घरचं काहीच द्यायचं नाही?"

हे मी विचारलं नव्हतं, नंदाबाईने विचारलं. डॉक्टर पहिल्यांदा थोडे हसले. त्यांनी एक कागद घेतला आणि मराठीत लिहून दिलं. उलटीसाठी आल्याचा तुकडा, चहात किंवा पेजेत, थोडा. हळद भाजीत पडते तेवढीच, वेगळी गोळी किंवा चूर्ण नाही. गुळवेल नाही, कोणतीही मुळी नाही. खाली लिहिलं, जे द्याल ते मला नावानिशी सांगून. नावानिशी या शब्दाखाली त्यांनी रेघ ओढली.

बाहेर आल्यावर डिंपल सिस्टर माझ्यामागे धावत आली. माझा हात धरून उभी राहिली.

परतीच्या गाडीत गजेंद्र दारात उभा राहून आला, बसायला जागा असून. कुडव्याच्या घरात शिरल्यावर त्याने पहिलं काम केलं ते सदाफुलीचे दोन्ही डबे उचलून नेले. कुठे टाकले, मी विचारलं नाही. मग आत आला.

"मोठीआई, माझ्या आईवर तू प्रयोग केला."

"हो रे."

"इतकी शहाणी होतीस तर नागपूरचं कायले, तूच बरी करायची होतीस!"

आतून नंदाबाईचा आवाज आला, आणि त्या आवाजात अनेक दिवसांनी जोर होता. "गज्या! पेत कोन होतं? तोंड माझं होतं का तिचं? तिनं दिलं, मी पेली. मले का पाळण्यात घालून पाजलं तिनं?"

"आई, तू मधात बोलू नको."

"माझंच मरन आहे, मी नाई बोलू तं कोन बोलंल?"

तो दुकानात निघून गेला. दुसऱ्या दिवसापासून दुर्गेश्वरीने शाळेतून सुट्टी घेतली. कारण कोणी सांगितलं नाही. मी स्वयंपाकघरात गेले की तीही येऊन ओट्याशी उभी राही, डबे पुसत, जे पुसलेलेच असत. चांगली मुलगी. मी चहात साखर टाकली तरी ती बरणीकडे बघे. मी मग स्वयंपाकघरात जाणं सोडलं. बाजेवर बसून राहिले. गावाला जाते म्हटलं, तर गजेंद्र म्हणाला, जा. सकाळच्या अर्जुनीच्या गाडीने जायचं ठरलं, पिशवी भरली.

नंदाबाईने त्या दिवशी दुर्गेश्वरीने आणलेली पेज घेतली नाही. दुपारी घेतली नाही, संध्याकाळी घेतली नाही. पेशी वाढायच्या तर पोटात काही जायला हवं होतं. गजेंद्रने समजावलं, रागावला, हात जोडले. ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "बाईच्या हातचं दे. नाई तं राहू दे."

शेवटी तोच माझ्या बाजेशी आला. डोळे माझ्याकडे नव्हते. खिशातून डॉक्टरांचा कागद काढून माझ्या हातात दिला. "यात लिवलं तेवढंच," म्हणाला.

मी पेज केली. कणी मऊ शिजवली, मीठ, आल्याचा बोटाच्या पेरापेक्षा कमी तुकडा ठेचून. करताना प्रत्येक गोष्ट मोठ्याने बोलत गेले. ही कणी. हे मीठ. हे अद्रक. दुर्गेश्वरी ओट्याशी उभी राहून ऐकत होती. तिला बरं वाटावं म्हणून बोलत होते की मला, कोण जाणे. नंदाबाईने अर्धी वाटी घेतली. "फिकी आहे," म्हणाली.

बारा दिवसांनी पेशी वर आल्या. पुरत्या नाही, पण चालतील एवढ्या. चौथी दवा पूर्ण डोसने चढली. डिंपल सिस्टर सुई लावताना या वेळी कशापासून काढलेली ते काही बोलली नाही. मावशी, डोळे मिटा, एवढंच म्हणाली. पाचवी वेळेवर झाली. सहावीला आठ दिवस उशीर झाला, ताप आला म्हणून. दर वेळी डॉक्टर विचारत, आजी, घरी काय दिलं? आणि मी सांगत असे. पेज. आलं. मुगाचं वरण. दोन दिवस चिंचेचं सार, तोंडाला चव नव्हती म्हणून. ते मान हलवत आणि लिहून घेत. रोवणी आमच्याविनाच झाली. दसऱ्याच्या आधी आम्ही दोघी गावी परत आलो, तेव्हा हलका धान कापणीला आला होता. ती शेताच्या धुऱ्यावर बसली आणि खूप वेळ बसली. आनंद झाल्यासारखी काही दिसली नाही, मीही नव्हते. आम्ही थकलो होतो. घरात जाऊन झोपलो.

पुढचं थोडक्यात सांगते.

नंदाबाई त्यानंतर तीन वर्षं चांगली राहिली. केस आले, कुरळे आले, त्याची तिला लाज वाटे. बोटांचा बधिरपणा मात्र गेला नाही. बटणं मी लावून द्यायचे. दोन हजार एकवीसच्या दिवाळीनंतर काखेत गाठ आली. मधली चार दिवसांची काय, तीन आठवड्यांची ढील पडली होती, तिच्यामुळे आली की यायचीच होती, हे मी नागपूरच्या त्याच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, आजी, हे कोणीच सांगू शकणार नाही. नंदाबाईने पुन्हा दवा घ्यायला नकार दिला आणि या वेळी मी तिच्याशी भांडले नाही. माघ महिन्यात गावच्या घरीच ती वारली. शेवटच्या आठवड्यात एकदा म्हणाली, "बाई, तो काढा लय कडू होता व." तिने माफ केलं की चिडवलं, मला कळलं नाही.

दुधराम भाऊजींनी जमीन ठेक्याने दिली आणि ते कुडव्याला मुलाकडे गेले. दिवसभर दुकानात बसतात, जुन्या मोटारींची तांब्याची तार गुंडाळतात.

दुर्गेश्वरी आता त्याच शाळेची मुख्याध्यापिका आहे. डिंपल सिस्टरचं लग्न बालाघाटकडे झालं, तिकडच्या सरकारी दवाखान्यात लागली असं ऐकलं. डॉक्टर अजून तिथेच आहेत.

गजेंद्रने मला पाच वर्षं परकं केलं नाही, पण जवळही केलं नाही. सणाला यायचा, पाया पडायचा, चहा नको म्हणायचा. मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली. डॉक्टरची दवा चालूच होती. तरी एका रविवारी सकाळी गाडी घेऊन माझ्या दारात येऊन उभा राहिला. आजोबांची मुळी कोणती, ते तुले माहीत आहे ना, म्हणाला. मी म्हटलं, माहीत आहे, पण देणार नाही. तो बराच वेळ अंगणात उभा राहिला, मग ओसरीवर बसला. मी पेज केली. त्याने घेतली. बरा झाला, डॉक्टरच्याच दवेने.

मी पंचाहत्तरची झाले. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, दुसऱ्याचा राहिला आहे. शेजारचं घर बंद असतं. आठवड्यातून एकदा मी कुलूप उघडून झाडून घेते.